गुडघ्याचा फोटो आणि गुडघ्यावरचे काम : यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतमजूर महिलेचे प्रकरण

रुग्ण आणि तक्रार

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका खेड्यात राहणाऱ्या ५६ वर्षांच्या शेतमजूर बाई जानेवारीच्या अखेरीस, कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर, सुनेला सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालयात आल्या. दोन्ही टोंगळे (गुडघे) चार वर्षांपासून दुखतात, त्यातला डावा जास्त दुखतो, आणि गेल्या पावसाळ्यापासून निंदणाला बसले की उठताना शेजारणीचा हात धरावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे इतर तपशील येथे मुद्दाम वगळले आहेत.

"उभ्यानं दिवसभर काम होते जी, पण बसलं का उठणं होत नाही," असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. पुढच्या बहुतेक उपचारांची दिशा या एका वाक्याने ठरली, म्हणून ते त्यांच्याच शब्दांत नोंदवले आहे.

सकाळी उठल्यावर गुडघे दहा-पंधरा मिनिटे आखडलेले असत आणि चार पावले चालल्यावर मोकळे होत. दुपारनंतर दुखणे वाढे, रात्री पडल्यावर कमी होई. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून जाग आणणारे दुखणे, गुडघा अचानक अडकून सरळच न होणे यांपैकी काहीही नव्हते, आणि बोटांचे किंवा मनगटाचे सांधे सुजल्याचा इतिहासही नव्हता. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्र गोळी तीन वर्षांपासून सुरू होती.

कामाची चौकशी आम्ही सविस्तर केली, कारण गुडघ्याच्या रुग्णाची माहिती त्याशिवाय अर्धवट राहते. घरचे तीन एकर कोरडवाहू वावर आणि उरलेले दिवस मजुरी, असे त्यांचे वर्ष चालते. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण असते, म्हणजे सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत उकिडवे बसून, खुरपे चालवत, बसल्या बसल्याच पुढे सरकायचे. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी असते आणि तीही विळ्याने, खाली बसून किंवा कमरेत वाकून करायची. नोव्हेंबर ते जानेवारी वेचणी चालते. ती उभ्याने होते, पण कमरेच्या ओटीत कापूस साठत जातो आणि ते ओझे घेऊन ओळीच्या टोकापर्यंत जावे लागते. घरी स्वयंपाक जमिनीवर बसून आणि शौचालय भारतीय बैठकीचे. एकूण हिशेब केला तर गुडघा पूर्ण वाकवून बसण्याचे आणि त्या स्थितीतून उठण्याचे प्रसंग पावसाळ्यात सर्वाधिक आणि वेचणीच्या हंगामात बरेच कमी होते. दुखण्याचा चढउतारही नेमका तसाच होता.

पिशवीतले कागद आणि गोळ्या

सोबत आणलेल्या कापडी पिशवीतून सुनेने एक-एक वस्तू टेबलावर काढली. दोन वेगवेगळ्या वर्षांचे एक्स-रे होते, डाव्या गुडघ्याचा एक एमआरआय होता, 'वाताची तपासणी' म्हणून केलेल्या रक्तचाचण्यांचे तीन अहवाल होते, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची अर्धी संपलेली दोन पाकिटे होती, सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनची एक रिकामी डबी होती आणि तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी होती. पुडीत तीन रंगांच्या सुट्या गोळ्या होत्या. त्यांच्यावर नाव नव्हते, वेष्टन नव्हते आणि चिठ्ठीही नव्हती. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एका ठिकाणी त्या मिळत, त्यांच्यासोबत कमरेत एक इंजेक्शनही दिले जाई, आणि दोन दिवसांत दुखणे पळे, असे बाईंनी सांगितले. हंगामात पंधरवड्यातून पाच-सहा दिवस त्या हे घेत आणि उरलेल्या दिवशी डायक्लोफेनॅक.

एमआरआय ज्या शहरात झाला तेथे त्यांना 'गादी (गुडघ्यातली दोन हाडांमधली लवचीक चकती) फाटली आहे, दुर्बिणीचे ऑपरेशन करावे लागेल' असे सांगण्यात आले होते. त्याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात 'गुडघ्यातली ग्रीस संपली, हाडाला हाड घासते, आता बसणे-उठणे बंद करा' असा सल्ला मिळाला होता. हा सल्ला त्यांनी मनावर घेतला होता. वर्षभरापासून त्या शक्य तेव्हा खाटेवरच बसत, पाणी आणणे सुनेकडे दिले होते, आणि मजुरीचे दिवस सोडले तर घराबाहेर चालणे जवळपास थांबले होते.

तपासणी

वजन ६४ किलो आणि उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २८.४ होता, भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. रक्तदाब गोळी सुरू असूनही १५८/९४ होता. गाल भरलेले दिसत होते आणि दोन्ही हातांच्या कातडीवर, मार लागल्याचे आठवत नसताना, जांभळे डाग होते.

उभे राहिल्यावर दोन्ही पाय गुडघ्यात किंचित बाहेर झुकलेले दिसत, उजवा अधिक. दोन्ही मांड्यांचे पुढचे स्नायू हाताला मऊ आणि बारीक लागत होते. गुडघे वाकवताना कडकड जाणवे. उजव्या गुडघ्यात थोडे पाणी होते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता ३० सेकंदांत किती वेळा उठता येते हे मोजले, तेव्हा आकडा ६ भरला. या वयाच्या निरोगी स्त्रीकडून याच्या दुपटीच्या आसपास अपेक्षा असते.

सर्वांत उपयोगी माहिती बोटाने चाचपून मिळाली. "नेमके कुठे दुखते ते एका बोटाने दाखवा" असे सांगितल्यावर बाईंनी उजव्या गुडघ्यावर आतल्या बाजूला सांध्याच्या फटीवर बोट ठेवले, पण डाव्या पायावर मात्र बोट त्या फटीच्या तीन-चार बोटे खाली, नडगीच्या हाडाच्या आतल्या अंगाला टेकले. तेथे मांडीच्या मागून-आतून येणारे तीन स्नायूबंध हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली एक छोटी द्रवपिशवी असते. गुडघ्याची झीज असलेल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये ही जागा वारंवार दुखावते. दाबल्यावर बाई कळवळल्या. म्हणजे ज्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता, त्याचे मुख्य दुखणे सांध्याच्या आत नव्हतेच.

निदानाचा विचार

पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीचा गुडघा दुखतो म्हणजे झीजच, असे गृहीत धरून चालणे विदर्भात विशेष धोक्याचे आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. वर्षानुवर्षे त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेले तर पाठीचा कणा, मान आणि मोठे सांधे ताठरतात. म्हणून बाईंना हनुवटी छातीला टेकवायला, दोन्ही हात डोक्यामागे न्यायला आणि गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायला सांगितले. तिन्ही गोष्टी त्यांना जमल्या. हाताच्या एक्स-रेत दोन हाडांमधल्या पडद्यावर फ्लोरोसिसमध्ये, म्हणजे जादा फ्लोराइडच्या या आजारात, दिसणारा चुन्याचा थर नव्हता.

खुब्याची तपासणी तितकीच आवश्यक असते, कारण खुब्याचे दुखणे अनेकदा मांडीतून खाली उतरून गुडघ्यात जाणवते. पूर्व आणि दक्षिण विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि या आजारात खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचतो. तरुण रुग्ण गुडघ्याची तक्रार घेऊन येतो, गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ निघतो आणि खुब्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, असे घडू शकते. या बाईंचे दोन्ही खुबे मोकळे फिरत होते आणि सिकलसेलची चाचणी नकारात्मक होती. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात. २०२४ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते, म्हणून तेही विचारले. तसा ताप आला नव्हता. आमवातात सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो आणि हाताचे लहान सांधे सुजतात, त्यामुळे तो बाजूला पडला.

वय ४५ किंवा अधिक, हालचालीबरोबर वाढणारे दुखणे, आणि सकाळचा ताठरपणा नसणे किंवा अर्ध्या तासापेक्षा जास्त न टिकणे, एवढ्यावर गुडघ्याच्या झिजेचे निदान एक्स-रे न काढताही करता येते, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आमचे निदान असे होते : दोन्ही गुडघ्यांची झीज, डाव्या बाजूला स्नायूबंधांखालच्या द्रवपिशवीचा दाह, मांडीच्या स्नायूंची मोठी अशक्तता, आणि वेदनाशामकांचे व बहुधा स्टेरॉइडचे दुष्परिणाम. यातले शेवटचे दोन दोष उपचारांच्या आणि सल्ल्यांच्या वाटेने आलेले होते.

फोटो काय सांगतो आणि काय सांगत नाही

पिशवीतले दोन्ही एक्स-रे झोपवून काढलेले होते. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे सांध्यातली फट प्रत्यक्षापेक्षा रुंद दिसते. उभे करून पुन्हा काढलेल्या एक्स-रेत उजव्या गुडघ्याची आतली फट स्पष्टपणे अरुंद आणि डाव्याची थोडीशीच अरुंद दिसली. झिजेची प्रत ठरवण्यासाठी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली शून्य ते चार अशी श्रेणी आजही वापरतात. तिच्यानुसार उजवा गुडघा तिसऱ्या आणि डावा दुसऱ्या श्रेणीत होता. फोटोत उजवा जास्त झिजलेला, आणि बाई मात्र डाव्याने हैराण.

ही विसंगती समजून घेतल्याशिवाय गुडघ्याचा उपचार नीट होत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला मज्जातंतू नसतात, त्यामुळे कूर्चा झिजली एवढ्यानेच दुखत नाही. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे आतले अस्तर, बाहेरचे आवरण आणि भोवतालचे स्नायूबंध. या सर्वांवर येणारा ताण बऱ्याच अंशी स्नायूंवर अवलंबून असतो. म्हणूनच फोटोत फार झिजलेल्या गुडघ्याने काही माणसे बिनतक्रार चालतात आणि साध्या दिसणाऱ्या गुडघ्याने काहींचे हाल होतात. 'ग्रीस संपली' हे सांगणे ऐकायला सोपे वाटते, पण ते रुग्णाला न हलण्याचा सल्ला देते, आणि न हलणाऱ्या गुडघ्याभोवतीचा स्नायू महिन्याभरातच वाळू लागतो. या बाईंचे तेच झाले होते. मजुरीच्या दिवशी मात्र तोच अशक्त पाय दिवसभर उकिडव्या बैठकीला जुंपला जाई.

एमआरआयमधल्या फाटलेल्या गादीबद्दलही असेच. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे सर्वसाधारण लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या सुमारे ३५ टक्के लोकांची गादी फाटलेली आढळली. त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचे काहीही दुखणे नव्हते. झीज असलेल्या गुडघ्यावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची पारख २००२ मध्ये ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झाली. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, काहींच्या कातडीवर नुसते छेद दिले, आणि दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. झीज झालेल्या गुडघ्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील तज्ज्ञगटाने केली. बाईंचा गुडघा अडकत नव्हता, अपघात झालेला नव्हता आणि दुखण्याची जागा तर सांध्याबाहेर होती. ते ऑपरेशन करू नये असे आम्ही स्पष्ट सांगितले. त्यासाठी घरच्यांनी सावकाराकडे शब्द टाकून ठेवला होता, तो मागे घेता आला याचे आम्हाला मनापासून समाधान आहे.

गोळ्यांचा प्रश्न

पहिल्या दिवशीची सर्वांत तातडीची बाब गुडघा नव्हती. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. टेल्मिसार्टनच्या गटातले औषध आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखे लघवी वाढवणारे औषध सोबत असेल तर तिघांचा मिळून मूत्रपिंडावर घाला पडतो, आणि उन्हातान्हात पाणी कमी पिऊन राबणाऱ्या माणसात तर तो अधिक जोरात पडतो. बाईंचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, १.४ असे वाढलेले आले. रक्तदाब आटोक्यात न येण्याचे एक कारणही याच गोळ्यांत होते. डायक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद केले.

पुडीतल्या गोळ्यांत काय होते हे आमच्याकडे ओळखता आले नाही; परंतु दोन दिवसांत दुखणे पळणे, भरलेले गाल, हातावरचे डाग आणि उपाशीपोटीची थोडी वाढलेली ११८ साखर हे सर्व एकत्र पाहता स्टेरॉइडचा संशय बळकट होता. स्टेरॉइड रोज अनेक आठवडे घेतले असेल तर शरीरात आपोआप होणारी स्टेरॉइडची निर्मिती मंदावते, आणि अशा रुग्णाने ते एकदम थांबवले तर चक्कर, उलट्या आणि रक्तदाब कोसळणे येथपर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून "ते सगळे आजच फेकून द्या" असे सरसकट सांगणे योग्य नसते. बाई ते सलग घेत नव्हत्या, शेवटची पुडी तीन आठवड्यांपूर्वी घेतली होती आणि सकाळच्या कॉर्टिसोलची, म्हणजे शरीर स्वतः बनवते त्या स्टेरॉइडची, पातळी समाधानकारक होती, त्यामुळे थांबवण्यास हरकत नव्हती. पुढील काही महिन्यांत मोठा ताप आला किंवा शस्त्रक्रिया करावी लागली तर या गोळ्यांचा उल्लेख करावा, असे सुनेला लिहून दिले.

ज्याने पुडी दिली त्याच्याकडे बाई पुन्हा जाऊ नयेत अशी आमची इच्छा होती, पण नुसत्या मनाईने हे होत नाही. हंगामातला एक दिवस बुडाला तर मजुरी बुडते, आणि पुडी तो दिवस वाचवते. तिचे बळ तिथेच आहे. तिच्या जागी काय वापरायचे हे ठरवणे भाग होते. डायक्लोफेनॅकचे मलम दिवसातून तीन-चार वेळा लावायला दिले, कारण कातडीवर लावलेल्या औषधाचा फार थोडा भाग रक्तात उतरतो आणि गुडघा कातडीजवळ असल्याने त्याला मलमाचा उपयोग होतो. अगदी अडचणीच्या दिवसासाठी पॅरासिटामॉल ठेवले, ते मोठ्या अपेक्षेने नव्हे. ग्लुकोसामाइन आणि गुडघ्यात जेलची इंजेक्शने यांची शिफारस नाइस करत नाही. आम्हीही केली नाही.

गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे का, यावर विचार झाला. ते काही आठवडे आराम देते. मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिलेल्या रुग्णांची कूर्चा खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक पडला नाही. २०२० मध्ये १५६ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात वर्षअखेर फिजिओथेरपीचा गट इंजेक्शनच्या गटापेक्षा सरस ठरला. आधीच अंगात अज्ञात प्रमाणात स्टेरॉइड गेलेल्या या रुग्णाला ते न देणेच आम्हाला बरोबर वाटले.

व्यायाम, आणि तो कधी

फेब्रुवारी ते मे हे महिने कोरडवाहू गावात तुलनेने मोकळे असतात. स्नायूला बळ यायला साधारण बारा आठवडे लागतात. हे दोन हिशेब एकमेकांत बसत होते, आणि निंदण सुरू होण्याआधी मांडी तयार करायची हे उद्दिष्ट बाईंना लगेच पटले. 'व्यायाम करा' या सल्ल्यापेक्षा 'आषाढात हात न धरता उठायचे आहे' हे सांगणे त्यांच्या उपयोगाचे होते.

सुरुवात खाटेवर पाय लांब करून, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबण्याने झाली. त्यानंतर खाटेच्या कडेला बसून गुडघा पूर्ण सरळ करणे आणि पाच सेकंद धरणे आले. दोन आठवड्यांनी त्याच हालचालीला घोट्यावर किलोभर रेतीची पिशवी बांधली. पुढे उताणे झोपून कंबर उचलणे, मग उंच खाटेवरून हात न टेकवता उठणे-बसणे, ते जमू लागल्यावर बसण्याची उंची कमी करत शेवटी घरातल्या बुटक्या लाकडी पिढ्यापर्यंत आणणे, असा क्रम होता. दहा-दहाचे तीन फेर, आठवड्यातून चार दिवस. त्याशिवाय रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्याने चालणे.

व्यायामाने दुखले तर काय करायचे, हे आधीच सांगून ठेवावे लागते. नाहीतर पहिल्याच आठवड्यात रुग्ण तो सोडतो. दहापैकी चार-पाचपर्यंतचे दुखणे चालेल, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर यायला हवे, न आल्यास पुढच्या वेळी फेरा कमी करायचा, थांबवायचा नाही, हा नियम दिला. हा नियम रुग्णाच्या हाती राहतो हे त्याचे मोठेपण. गावच्या आशाताईंनी (आरोग्य स्वयंसेविकेने) आठवड्यातून एकदा घरी जाऊन बघण्याचे कबूल केले आणि ते पाळले.

कामात काय बदलता आले

'खाली बसू नका' हे वाक्य शेतमजुराला सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याचा अर्थ 'मजुरी करू नका' असा होतो. बाईंसोबत बसून कोणती बैठक टाळता येते आणि कोणती नाही, हे एक-एक करून पाहिले. घरातल्या बैठका टाळता येण्यासारख्या होत्या. गॅसची शेगडी मुलाने विटांचा ओटा बांधून त्यावर ठेवली. शौचालयात भांड्यावर ठेवायची लोखंडी, मधे भोक असलेली खुर्ची तालुक्याच्या गावातून आणली. निंदणासाठी कमरेला पट्ट्याने बांधायचे, बसल्यावर आपोआप खाली येणारे फोमचे बैठे आसन वापरून पाहिले. त्याने गुडघा पूर्ण मिटत नाही आणि उठताना काही अंतर आधीच वाचते. घरच्या वावरात लांब दांड्याचे हातकोळपे वापरायचे ठरले. वेचणीत ओटी भरगच्च होण्याआधीच रिकामी करायची.

काठीचा प्रश्न अवघड निघाला. ज्या गुडघ्याला जास्त त्रास त्याच्या विरुद्ध हातात काठी धरली तर गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो. बाईंनी नकार दिला. "काठी धरून गेली त मजुरीले कोन बोलवीन मले?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि त्यांचे म्हणणे खरे होते. वावरातून घरी परतताना, चिखलाच्या वाटेवर, अंधार पडल्यावर काठी घ्यायची, एवढ्यावर समझोता झाला. काळ्या मातीचा चिखल पावलाला चिकटून चपलेचे वजन किती वाढते हे पावसाळ्यात त्या वाटेने चाललेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

वजनाचे गणित बाईंना आकड्यांत सांगितले. अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसभरातली पावले मोजली तर हा फरक फार मोठा होतो. दिवसाच्या चार-पाच गोड चहांपैकी दोन ठेवले, रात्रीचा भात अर्धा करून त्या जागी तुरीचे वरण आणि भाजी वाढवली, भाकरी तशीच राहू दिली. स्टेरॉइड थांबल्यावर भूकही थोडी कमी झाली.

वर्षभराचा आढावा

सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० आणि रक्तदाब १३८/८६ होता, रक्तदाबाची गोळी न बदलता. डाव्या पायाची ती जागा दाबल्यावर थोडीच दुखे. मेच्या मध्याला ३० सेकंदांत ११ वेळा उठता आले आणि वजन ६१ किलो भरले. जुलैत निंदणाच्या दुसऱ्या आठवड्यात सुनेने फोन करून सांगितले की सासूबाई आसन वापरतात, दुपारी एकदा उभ्याने पाय मोकळे करतात आणि उठायला हात लागत नाही. संध्याकाळी मात्र दुखते आणि मलम लावावे लागते.

ऑक्टोबरात सोंगणीने मात्र सगळी घडी विस्कटली. पाऊस लांबल्याने सोयाबीन घाईने काढावे लागले, सलग दिवस विळ्यावर गेले, व्यायाम बंद पडला, आणि उजवा गुडघा पाण्याने फुगला. या वेळी बाई बाजारातल्या त्या ठिकाणी गेल्या आणि एक इंजेक्शन घेऊन आल्या. हे त्यांनी स्वतःहून सांगितले. रागावले जाणार नाही याची खात्री वाटल्याशिवाय रुग्ण असे सांगत नाही. गुडघा लाल किंवा तापलेला नव्हता आणि अंगात ताप नव्हता, त्यामुळे जंतुसंसर्गाची शंका दूर झाली. तसे असते तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले असते. आठवडाभर काम हलके केले, व्यायाम पहिल्या पायरीवरून पुन्हा सुरू केला आणि तीन आठवड्यांत त्या वेचणीला जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी सोंगणीच्या काळात व्यायाम पूर्ण न सोडता आठवड्यातून दोनदा तरी ठेवायचा, आणि गुत्ता (ठेका) देऊन सोंगणी करायची की यंत्राने काढायची हे घरच्यांनी आधीच ठरवायचे, असे बोलणे झाले.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मुलाने विचारले, आणि विचारणे रास्त होते, कारण उजव्या गुडघ्याचा बाक पुढे वाढण्याची शक्यता आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत कर सोडून ५४,७२० रुपयांवर आली. शस्त्रक्रिया, भरती आणि नंतरचा व्यायाम यांचा खर्च त्यावेगळा. कोणत्या योजनेतून आणि कोणत्या रुग्णालयात ती होऊ शकते हे आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडून) आधी लेखी समजून घ्यावे, असे सुचवले. परदेशांतील नोंदींवरून २०१९ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात, म्हणजे शस्त्रक्रिया चांगली आहे यात शंका नाही. मात्र तिच्यानंतर उकिडवे बसून निंदण करण्याची अपेक्षा धरता येत नाही, आणि मजुरीवर घर चालत असताना ही गोष्ट आधी बोलली गेली पाहिजे.

दुसऱ्या जानेवारीच्या भेटीत बाईंचे वजन ६०.५ किलो होते आणि ३० सेकंदांत त्या १० वेळा उठल्या. गालांची सूज उतरली होती. उजव्या गुडघ्याचा उभ्याने काढलेला एक्स-रे वर्षापूर्वीच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. फट तेवढीच होती. रात्री झोपमोड होणे, घरापासून पाणवठ्यापर्यंत चालणे न जमणे, किंवा व्यायाम व मलम नीट चालू असतानाही सहा महिने सुधारणा न होणे, यांपैकी काही घडले तर शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे चिठ्ठी द्यायची, असे त्यांच्या केसपेपरवर नोंदवले आहे. पुढची तपासणी मेच्या शेवटी, पेरणीच्या आधी ठेवली आहे.